पाटाच्या शेवटाचा वाडगा

तेराकली गावात होसियतचं घर सगळ्यात शेवटी. तिच्या दारापुढून पाट जातो, म्हाताऱ्या तुतीच्या बुंध्याला वळसा घालतो आणि तिथेच जिरतो. त्याच्या पलीकडे उघडीबोडकी टेकाडं. वसंतात चार दिवस त्यांच्यावर हिरवळ दिसते, मग नुसती धूळ. पाट पोचतो तिथवर गाव, असं तिकडे धरून चालतात. त्या हिशेबाने गाव संपतं कुठे हे ठरवणारी बाई म्हणजे होसियत, आणि तिने ते काम फार मनावर घेतलं होतं.

लग्न होऊन ती आली ती ऐन टंचाईच्या साली. सासूने घर दाखवायच्या आधी पाट दाखवला आणि हातात रुंद फावडं दिलं. त्या दिवसापासून फावडं तिच्या हातचं सुटलं नाही. दिवसा कापसाच्या शेतावर राबायची, पाण्याची आपली पाळी आली की गुडघाभर चिखलात उतरून बांध फोडायची. नवरा योल्दोश अंगाने बारीक आणि स्वभावाने गरीब. पाण्यावरून भांडण निघालं की तो घरात जाऊन चहा ठेवी आणि ही बाहेर भांडून येई. तो गेला तेव्हा दीर म्हणाला, “जमीन सोड, वर आमच्याजवळ राहायला ये.” होसियत म्हणाली, “मी वर आले तर खाली कोण?”

पाटाच्या तोंडाशी तुर्दीअलीचं घर. माणूस काही वाईट नाही. लहानपणी होसियतच्याच जर्दाळूवर चढून फांद्या मोडायचा. मोठा झाला, शहरात जाऊन आला आणि पाटाच्या काठी त्याने गालिचे धुवायचा धंदा काढला. शहरातून गाडी भरभरून गालिचे येऊ लागले. पोरं गमबूट घालून त्यांच्यावर पावडर टाकत, ब्रशाने घासत आणि पाटाच्या पाण्याने खळखळून धुवत. धुतलेले गालिचे कुंपणावर वाळत टाकले की वरची आळी लग्नघरासारखी दिसायची. खाली मात्र पाटावर फेस यायचा.

वरच्या आळ्यांना नळ आला होता. तो मशिदीपर्यंत येऊन थांबला. पुढच्या वर्षी खालीही येणार, असं दरवर्षी सांगत. खालची घरं अजून पाटाचंच पाणी हौदात साठवून, निवळून पीत होती. पण साबण काही निवळत नाही. गाय पाण्याला तोंड लावून मान फिरवायची. चहाला वास यायचा. आणि होसियतची नात, तान्ही लोला, अंघोळ घातली की अंगभर पुरळ उठून किंचाळायची.

लोलाचा बाप रशियात इमारतींवर कामाला. घरात होसियत, सून मोहिगुल आणि ती पोर. एके दिवशी मोहिगुलने पोरीचे कपडे, स्वतःचे दोन झगे आणि रेशमी दुपटं असं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं.

“ओयी, रागावू नका,” ती सासूला म्हणाली. “पाटाच्या सफाईचा दिवस होऊन गेला की मी माहेरी जाते. तिथे नळ आहे. पोरीची कातडी सोलून निघतेय, मला बघवत नाही.”

होसियत रागावली नाही. तिला भीती वाटली. सून गेली की परत येणार नाही, मुलगा तिच्यामागे शहरात जाईल आणि या घराला कुलूप लागेल. मग पाट वरच्या घरापाशी जिरेल आणि टेकाडांवरची धूळ या अंगणात येऊन बसेल. धूळ कशी येते हे तिने पाहिलं होतं. खाली आधी आणखी घरं होती.

तिने याआधी सांगून पाहिलं नव्हतं असं नाही. पाटकरी नोर्मत अकाकडे ती इतक्यांदा गेली की त्याचं कुत्रं तिच्यावर भुंकायचं बंद झालं. तुर्दीअलीकडेही गेली.

“अहो होसियत ओपा, साबणच तो,” तुर्दीअली हसून म्हणाला. “साबणाने माणूस स्वच्छच होतो ना?”

“मग तू आतून धुऊन घे जरा,” होसियत म्हणाली आणि घरी आली. बोलायला बरं वाटलं, पण पाणी तसंच राहिलं.

तुर्दीअलीने चूक केली ती मोठेपणाच्या हौसेपायी. वसंतात सगळं गाव मिळून पाट साफ करतं. गाळ उपसतात, मोठ्या कढईत पलोव शिजतो. जुन्या काळी त्या दिवशी आणखी एक रीत होती. वरून पाणी सोडायचं, ते शेवटच्या घरी पोचलं की त्या घरच्या बाईने वाडगाभर घेऊन पाटाच्या काठाकाठाने वर यायचं आणि सगळ्यात वरच्या घरच्या कर्त्याने ते सर्वांसमोर प्यायचं. मगच पाण्याच्या पाळ्या सुरू. म्हणजे वरचा माणूस वर्षभर पाटात काय सोडतो ते त्याच्याच पोटात जायचं. नळ आल्यावर रीत बंद पडली. या वर्षी जिल्ह्याचे पाहुणे कॅमेरे घेऊन येणार होते. तुर्दीअलीच्या डोक्यात आलं, ती रीत त्यांना दाखवू.

सकाळीच नोर्मत अका होसियतच्या दारात आला. एका हातात नवाकोरा झगमगीत झगा, दुसऱ्या हातात झाकणाची बरणी.

“यात नळाचं पाणी आहे,” तो नजर चुकवत म्हणाला. “वाडग्यात हेच ओत. पाहुण्यांसमोर जरा... तुला कळतंय ना?”

“कळतंय अका. ठेवा.”

नोर्मतला हायसं वाटलं. होसियत इतक्या सहज ऐकते म्हणजे म्हातारपण आलं, असं तो वाटेत एक-दोघांना म्हणालाही.

पाणी सुटलं. वाळकी पानं, काटक्या पुढे ढकलत ते तुतीपाशी पोचलं. होसियतने बरणी उघडली आणि नळाचं पाणी दारातल्या रैहानच्या, तुळशीसारख्या वासाच्या रोपाच्या, कुंडीत ओतलं. मग पाटाशी बसून कापसाच्या बोंडाची नक्षी असलेला आपला निळा वाडगा बुडवला. नवा झगा गाठोड्यावर तसाच पडून राहिला. चिखलाने माखलेल्या रोजच्या कपड्यांत ती चालू लागली.

वाटेत घरोघरची माणसं वाडग्यात डोकावत होती. तिच्याच आळीतली एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, “होसियत, पाहुणे आलेत गं. गावाची लाज जाईल.”

“ही घाण मी कुठून आणली नाही,” होसियत न थांबता म्हणाली. “तुझ्याच दारावरून वाहत होती.”

वर तुर्दीअलीचं भाषण रंगात आलं होतं. पूर्वजांनी किती शहाणपणाने रीती घालून दिल्या, हे तो पाहुण्यांना सांगत होता. त्याने दोन्ही हातांनी अदबीने वाडगा घेतला, कॅमेऱ्यांकडे पाहून हसला आणि मग खाली पाहिलं. काठाशी फेस होता. मधोमध लाल लोकरीचा पुंजका तरंगत होता.

“ओपा,” तो ओठ न हलवता म्हणाला, “बरणी दिली होती ना?”

“ते रैहानला घातलं,” होसियत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “हे आमच्या वाट्याचं. पी.”

तेवढ्यात त्याची म्हातारी आई, साओदत बुवी, काठी टेकत पुढे आली. “दे इकडे,” ती म्हणाली. “मी खालच्या आळीची मुलगी आहे. मी पिते.” तिने सुरकुतलेला हात वाडग्याकडे नेला.

होसियतला त्या हाताची दया आली. त्या हाताने तिला लग्नात भाकरी भरवली होती. पण तिने तो हात धरून खाली केला.

“बुवी, तुमचं पिऊन झालंय. हा वाडगा याचा.”

फावडी टेकून उभे असलेले पुरुष आपापल्या बुटांकडे पाहू लागले. तुर्दीअलीने वाडगा तोंडाला लावला. पहिला घोट तोंडात तसाच राहिला. वाहत्या पाण्याजवळ कुणी थुंकत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि सगळं गाव त्याच्या गळ्याकडे पाहत होतं. शेवटी त्याने तो गिळला. पाहुण्यांना यातलं काहीच कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी नोर्मत निरोप घेऊन आला. “झालं ना आता मनासारखं? तुर्दीअली म्हणतोय, सांडपाण्याला वेगळा खड्डा खणायचं बघू.”

“बघू म्हणजे कधी?”

“बघू म्हणजे बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकं गालिचे उतरवत असताना होसियत वाडगा घेऊन तुर्दीअलीच्या फाटकात उभी राहिली.

तुर्दीअली धावतच आला. “ओपा, ही रीत वर्षातून एकदाची आहे.”

“घाण रोजची आहे,” होसियत म्हणाली. त्याने घेतला नाही, तेव्हा तिने वाडगा फाटकाच्या खांबावर ठेवला, गिऱ्हाइकांना दिसेल असा, आणि घरी आली. वाडगा परत आणून द्यायला नोर्मतला खालपर्यंत यावं लागलं. तो फार कुरकुरला.

त्याच्या पुढच्या सकाळी तिचे गुडघे सुजले. ती उठायला गेली आणि भिंत धरून खाली बसली. इतका राग तिला नवरा गेला तेव्हाही आला नव्हता. चढ तेवढाच, वाडगाही तेवढाच, आणि पाय म्हणतात जमणार नाही. तिला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला.

मोहिगुल दारात उभी राहून बघत होती. ती गाठोड्याशी गेली, खाली बसली आणि गाठ सोडली. होसियतने मान फिरवली. निघायची तयारी तिला पाहायची नव्हती. मोहिगुलने तळातलं रेशमी दुपटं ओढून काढलं, लोलाला पाठीशी घेतलं आणि दुपट्याने घट्ट बांधलं. मग कोनाड्यातला निळा वाडगा उचलून ती पाटाशी गेली.

“ओयी,” तिने तिथूनच विचारलं, “काठोकाठ भरू की थोडं कमी?”

होसियतने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसलं.

“काठोकाठ,” ती म्हणाली. “सांडलं तर त्याच्या दारात सांडू दे.”