कटरबाईची खोबण

दुसऱ्याच्या अंगाचं माप कटरबाईच्या नजरेतच असायचं, स्वतःचं मात्र तिला कळेपर्यंत पाचवा महिना लागला. चौथ्यापर्यंत पोट दिसेचना. बटणं लावणारी मावशी चिडवायची, "अगं, नुसती हवाच भरलीय की काय?" आणि एके सकाळी बाई टेबलाशी उभी राहिली, तर पोट आधी पोचलं, हात राहिले मागे.

शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना तो. कापडाचे बारा थर एकावर एक, वर खडूच्या रेघा, हातात हातभर कात्री. एक रेघ हुकली की बारा सदरे वाया. नऊ वर्षांत तिची रेघ हुकली नव्हती. आता पलीकडे वाकली की टेबलाची कड पोटात रुतायची, आणि झग्यावर खडूचा पांढरा पट्टा उमटायचा.

तो पट्टा कारखान्याच्या मास्तरांनी पाहिला. "बाई, तुम्ही आता बटणांकडे बसा. टेबल माझा भाचा बघेल."

"किती दिवस?"

"पुढचं पुढे बघू की."

पुढचं पुढे म्हणजे कधीच नाही, हे तिला ठाऊक होतं. मावशीसुद्धा एके काळी कटरच होती. तीही पोटुशी असताना 'थोडे दिवस' म्हणून बटणांकडे गेली, त्याला वीस वर्षं झाली.

घरी सासूबाई म्हणाल्या, "बसून काम मिळतंय तर मिरच्या का झोंबतात तुला? पोट बघ केवढं आलंय."

"आई, काल तर म्हणालात, एवढंसंच आहे म्हणून!"

"काल काल होतं."

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेली. पिशवीत सुतार नवऱ्याची करवत. टेबलाला पोट टेकवलं, भोवती खडू फिरवला आणि तेवढी अर्धगोल फळी कापून काढली. मास्तर आले ते डोक्याला हात लावूनच.

"अहो बाई, हे टेबल आहे की कलिंगड?"

"टेबलच आहे. कलिंगड माझ्याकडे आहे."

"मालकांना काय सांगू मी?"

"सांगा, नऊ वर्षांनी टेबल एकदाचं मापाचं झालं."

पोट खोबणीत, हात थेट पलीकडच्या रेघेवर. मास्तरांनी बारा थर उलटून पालटून पाहिले. खोट सापडेना, तेव्हा पुढचे थर मांडायला सांगितले.

पण जी बाई उभ्या जन्मात शिवणीपुरती माया सोडल्याशिवाय कापड कापत नाही, तिनं स्वतःसाठी फळी कापली ती अगदी नेमकी! सातव्यात बेंबी बटणासारखी बाहेर आली, कातडी ताणून खाजू लागली, बेंबीखाली काळसर रेघ उतरली, आणि पोट खोबणीत अडकलं. भाचा लांबूनच म्हणाला, "मामा, येऊ का मी?"

"ये की, फळी धरायला," बाई म्हणाली आणि पुन्हा करवत काढली. पण भाच्याच्या आधी मावशी उठली. कुणाला न विचारता फळीचं टोक दाबून धरलं आणि म्हणाली, "या खेपेला चांगली चार बोटं माया सोड."

नवव्यात पोट खाली उतरलं. श्वास मोकळा झाला, चाल बदकाची झाली. त्या दिवशीचे बारा थर संपवून बाई मास्तरांपुढे उभी राहिली.

"उद्यापासून मी रजेवर. बाळ तीन महिन्यांचं झालं की येते. तोवर टेबल मावशी बघतील."

"मावशी? त्यांनी कात्री धरून जमाना झाला!"

"माझ्या हाताला नाही झाला," मावशी म्हणाली. भाच्याचा हात कात्रीकडे सरकत होता, तोवर बाईनं ती मावशीच्या हातात दिलीसुद्धा. मावशी खोबणीत उभी राहिली. चहूकडून नुसती पोकळी.

"एवढी भरायची म्हणजे मला दोन घास जास्त खावे लागणार," ती म्हणाली, आणि खडूच्या रेघेवरून कात्री सरळ चालवत नेली. टोकाला पोचल्यावरच मान वर केली. "जा गं तू, सुखानं बाळंत हो. टेबल तुझंच आहे. आणि भाचेबुवा, बटणांचा डबा तिथं खिडकीत आहे."