दमून येणारं पाणी

आमच्या आत्याला ‘अजून चालतंय’ हे शब्द अजिबात सहन व्हायचे नाहीत. मिक्सर असो नाहीतर चप्पल, कुणी असं म्हणालं की तिच्या भुवया वर जायच्या. होडीच्या इंजिनाबद्दल म्हणालं तर त्या माणसाचं काही खरं नसायचं. “मोडल्यावर बदललास त ती दुरुस्ती नाय, सुतक हाय,” असं ती ऐकवायची.

आमच्या सारसोळ्याच्या कोळीवाड्यात तिला सगळे इंजिनआत्याच म्हणायचे. काका, म्हणजे तिचे यजमान, असताना ती दोघं मिळूनच इंजिन खोलायची. काकांनंतर होडी माझ्या बाबांनी चालवायला घेतली, पण इंजिन तिने कुणाच्या हाती दिलं नाही. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली की ते इतकं लख्ख पुसायची, की आई म्हणायची, एवढी घरातली भांडी घासली असती तर! आत्याचं कारण साधं होतं. स्वच्छ इंजिनावर तेलाचा एक थेंब ओघळला तरी दिसतो. ऑइल ती बोटांत चोळून बघायची, पट्टा अंगठ्याने दाबून बघायची आणि मगच काय ठेवायचं, काय बदलायचं ते ठरवायची.

आत्या या थंडीत गेली. घरातली कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून तिच्यावर मीच लिहावं असं सगळ्यांचं म्हणणं. मला नीट जमेल की नाही, ठाऊक नाही. पण गेल्या नारळी पौर्णिमेचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

होडी झेंडूने सजली होती. आई, मी, चुलत भावंडं, सगळे नटून चढलो होतो. ओहोटी लागली की आमच्या जेटीपाशी नुसता चिखल उरतो, मग नारळ वाहायला खाडीत जाणं राहिलंच. शेजारच्या होड्या वाजतगाजत निघाल्या. बाबांनी इंजिन चालू केलं. इंजिन थंड करून पाणी होडीच्या कडेला जिथून बाहेर पडतं, तिथे आत्या जेटीवरून टक लावून बघत होती.

“नामा, बंद कर.”

“बाय, पानी येतंय ना!”

“येतंय. पन दमून येतंय.”

बाबा वैतागले. पाण्याच्या पंपातला रबरी पंखा पावसाआधी तिनेच तपासून, न बदलता तसाच ठेवला होता. “तूच बोललीस ना, अजून चालंल?”

“चुकले. पावसालाभर बंद पंपात मुडपून बसला तो. आता माझ्या चुकीवर पोरांना नेनार हायस?”

लुगडं खोचून ती होडीत उतरली. पाण्याची तोटी बंद करून तिने पंप खोलला. पंख्याचं एक पातं मुळाशी चिरलेलं होतं. जेटीच्या पायऱ्यांवरून पाणी भराभर उतरत होतं. नवा पंखा तिच्या डब्यात होताच. त्याला साबणाचं पाणी लावून, पाती एका बाजूला वळवत तिने तो आत सरकवला.

इंजिन सुरू झालं आणि मनगटाएवढी धार उसळली! पण होडीचा तळ आता चिखलाला घासत होता. आत्या खाली उतरली, शेजारच्या दोघांना हाक मारली आणि तिघांनी खांदा लावला. होडी सुटली. आत्याला चढवायला थांबलो असतो तर पुन्हा रुतलो असतो.

आम्ही आनंदाने ओरडत तिला हात करत राहिलो. गुडघाभर चिखलात उभी असलेली आत्या आमच्याकडे बघतसुद्धा नव्हती. होडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तिची नजर त्या धारेवरच होती.