झाडाची हजेरी

"हिले सायन्स नाही जमत. घरी सांगून दे, दहावीनंतर आर्ट्सले टाका म्हणा."

सरांनी नसरीनचा पेपर माझ्यापुढे सरकवला. मोताळ्यात त्यांचा दहावीचा क्लास आहे. मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो, त्यांच्याकडे विज्ञान-गणित शिकवतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मोठ्यांसमोर आवाज निघत नाही.

लॉकडाउन संपून शाळा भरल्या, तरी आमचा क्लास मोबाइलवरच होता. मी व्हिडिओ रेकॉर्ड करायचो, तो शेवटपर्यंत चालला की अ‍ॅपवर हजेरी लागायची. दुपारच्या आत पाहायचा, हा सरांचा नियम. क्लासची भाड्याची खोली ते सोडणारच होते.

नसरीनला गणितात चांगले मार्क होते. भिंगाच्या आकृत्या मात्र सगळ्या चुकलेल्या.

"सर, तिनं भिंग कधी हातात धरलं नाही."

"अटेंडन्स फुल आहे तिचा. अजून काय पायजे बे तुले?"

मी कपाटातलं भिंग आणि तो पेपर घेऊन नसरीनच्या गावी, रोहिणखेडला गेलो.

शाळेला सुट्टी होती; तिच्या घरचे सगळे शेतात होते. बीटी बियाणं असूनही कपाशीवर बोंडअळी आलेली. फुटेल तो कापूस लगेच वेचायचा, मजूर परवडत नाही, म्हणून घरची पोरं कमरेला ओटी बांधून तासात, कपाशीच्या ओळींत, उतरतात. बांधावरच्या कडुनिंबाला डब्यांची पिशवी लटकत होती. पिशवीतून माझाच आवाज येत होता.

"समजलं ना?" पिशवीनं विचारलं.

"समजलं, समजलं!" नसरीनची अम्मी तासातून ओरडली. घरच्या बाया हसल्या. मग तिनं मला पाहिलं. "या सर! तुमचं मायनस-मायनस प्लस तं मलेही पाठ झालं. पण ते भिंगाचं काही ऐकू येत नाही."

आकृती ऐकू कशी येणार? मला राग आला.

मी नसरीनला सावलीत बोलावलं. पेपरची कोरी बाजू धरायला लावली, भिंग पुढे-मागे केलं. दूर उन्हात उभी असलेली कापसाची ट्रॉली कागदावर उमटली. इवलीशी, चाकं वर.

"सर, हे उलटं काऊन?"

"तूच सांग."

ती भिंग हलवत राहिली. "वरचा उजेड खाली गेला... अन् खालचा वर." मग तिथंच कागदावर तिनं किरण काढले. बरोबर काढले.

मी परत आलो आणि तो कागद सरांच्या टेबलावर आपटला.

"सर, मोबाइल कडुनिंबाला लटकतो, हजेरी त्याचीच लागली. सायन्सला त्यालाच घ्या."

"आवाज खाली!"

"नाही सर. गणित राहू द्या मोबाइलवर, पोरी परत परत ऐकतात. पण भिंग कानानं शिकवायचं, हे तुम्ही ठरवलं. मी रेकॉर्ड केलं. अन् नापास ती?"

सरांनी कागद उलटसुलट पाहिला. "रविवारी उघडजो खोली," म्हणाले. "पगार मागू नको."

नसरीननं पेपर पुन्हा दिला. ती आता अकरावी सायन्सला आहे. क्लासच्या दारावर 'ऑनलाइन आणि प्रत्यक्ष प्रयोग' असा बोर्ड लागला आहे. कल्पना सरांची, असं सर सांगतात.

व्हिडिओत 'समजलं ना' विचारणं मी सोडलं. रविवारी पोरांना समोर बसवून 'काय दिसतं' एवढंच विचारतो. याचं उत्तर झाडाला देता येत नाही.