‘नाही’ म्हणायला शिकलेला फेलिक्स

फेलिक्स लोपीस गेला, हे मला कामावर कळलं. दुपारच्या ब्रेकमध्ये त्याच्या बायकोचा, सॅन्ड्राचा, फोन आला. "नितीन, आज सकाळी फेलिक्स गेला. शुक्रवारी फ्युनरल आहे," एवढंच सांगून तिने फोन ठेवला. त्याला आता दीड महिना झाला. लोक भेटतात, म्हणतात, तू तर त्याचा जवळचा मित्र ना... मी मान हलवतो.

मी ठाण्याचा, तो वसईचा. दोघेही सिडनीला शिकायला आलो, क्वेकर्स हिलला एका खोलीत राहिलो, पुढे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाल्यावर दोन गल्ल्यांच्या अंतरावर घरं घेतली. फेलिक्सच्या तोंडून कधी नकार निघायचा नाही. कुणाचं सामान हलवायचं असो की कुणाला एअरपोर्टवर सोडायचं असो, त्याचं उत्तर ठरलेलं, "नो वरीज, मी आहे ना." खाद्यपदार्थ पॅक करणारी यंत्रं बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीच्या इथल्या शाखेत तो इंजिनिअर होता, आणि तिथेही सगळ्यांचा लाडका. कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी जर्मनीतल्या मुख्य कारखान्यात पाठवायचं ठरवलं, तेव्हा आम्ही घरामागे बार्बेक्यू केलं. मुलगी रिया शाळेत होती, म्हणून ती आणि सॅन्ड्रा इथेच राहिल्या.

तिथून तो दर रविवारी फोन करायचा. सुरुवातीला नुसते किस्से असायचे. स्वतःच्या वाढदिवशी कुणीतरी केक आणेल म्हणून तो दिवसभर वाट बघत बसला आणि संध्याकाळी कळलं, की तिथे ज्याचा वाढदिवस त्यानेच सगळ्यांसाठी केक न्यायचा असतो. हळूहळू किस्से आटले. "भर मीटिंगमध्ये माझं ड्रॉइंग समोर ठेवून साहेब म्हणाले, हे चुकीचं आहे. आणि दुपारी माझ्याच शेजारी बसून जेवले, काही झालंच नसल्यासारखे." मी म्हटलं, "उद्धट आहेत, दुसरं काय." तो म्हणाला, "उद्धट नाहीत रे. त्यांना मीच कळत नाही. मी हो म्हटलं की ते खरोखरच हो समजतात."

दुसऱ्या वर्षी एका नव्या यंत्रात त्याला खोट दिसली. संरक्षक दार उघडलं की यंत्र त्या क्षणी थांबायला हवं. ते कधीकधी किंचित उशिरा थांबत होतं. मीटिंगमध्ये तो म्हणाला, वेळ मिळाला तर त्या दाराकडे पुन्हा एकदा बघता येईल का? आपल्याकडे, अगदी सिडनीतसुद्धा, फेलिक्ससारखा माणूस एवढं बोलला तरी कुणीतरी चमकून वर पाहिलं असतं. तिथे साहेबांनी ते शब्दशः लिहून घेतलं: वेळ मिळाल्यास बघणे. वेळ मिळाला नाही. चाचणी ठरल्या दिवशी झाली आणि योर्ग नावाच्या फिटरची उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीत फेलिक्स म्हणाला, मी सांगितलं होतं. साहेबांनी शांतपणे विचारलं, "चाचणी थांबवा, असं म्हणालात?" नाही. "धोका आहे, असं?" तेही नाही. त्याच्यावर कुणी ठपका ठेवला नाही. "ओरडले असते तर बरं झालं असतं," तो मला म्हणाला. योर्गला त्याने दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

मुदतीआधीच तो परत आला, तो वेगळाच होऊन. आता त्याला गुळमुळीत बोलणं सोसवेना. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकानंतर सगळे कौतुक करत असताना त्याने दिग्दर्शकाला सांगितलं, दुसरा अंक कंटाळवाणा आहे. ऑफिसात लोक त्याला टाळू लागले. बोलावणी कमी झाली. मी मात्र त्याच्या बाजूने बोलायचो, माझ्यावर पाळी येईपर्यंत.

माझे बाबा ठाण्यात अंथरुणाला खिळले होते. मी दर फोनला त्यांना म्हणायचो, लवकरच येतो. एकदा फेलिक्स समोर होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "तू जाणार नाहीयेस. त्यांना तसं सांग. ते वाट बघतायत." मी त्याला घरातून जायला सांगितलं. चार महिन्यांनी बाबा गेले. मी पोहोचलो ते थेट दहाव्याला. फेलिक्स भेटायला आला, पण मी दार उघडलं नाही. त्याचं खरं ठरलं होतं, हेच मला माफ करता येईना.

वर्षभराने कळलं, त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि फार दिवस नाहीत. मी मेसेज केला, या शनिवारी येतो. गेलो नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच मेसेज केला. तिसरा शनिवार आलाच नाही.

फ्युनरलला चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो आणि तसाच परतलो. त्याच्या घरी गेलो तो परवाच्या रविवारी. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सॅन्ड्राने चहा दिला. रिया आता युनिव्हर्सिटीत आहे. तीही समोर बसली. मी बोलायला लागलो, "यायचं खूप होतं, पण शिफ्ट अशा लागल्या की..."

"यू डिडन्ट वॉन्ट टू कम, अंकल," रिया म्हणाली. आवाजात राग नव्हता. बाहेर ऊन आहे, असं सांगावं तसं. मी सॅन्ड्राकडे बघितलं. तिने मुलीला गप्प केलं नाही. "आमच्याकडे आता असंच बोलतात," ती म्हणाली. "त्याने लावलेली सवय."

"माझे मेसेज बघून तो काय म्हणाला?" मी विचारलं.

सॅन्ड्राने कप बाजूला सारला. "म्हणाला, नितीन येणार नाही. दोन्ही वेळा म्हणाला. आणि दोन्ही शनिवारी सकाळी मला त्याची दाढी करून द्यायला लावली."