ऱ्हाईनच्या पुलावरचा आवाज

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आलेय. एक-दोन ठिकाणी खवचट कॉमेंट्सही टाकल्यात. तेव्हा आज तुम्ही माझ्यावर हसलात तर तक्रार नाही.

आम्ही बौद्ध. घरात देव्हारा नाही, नवस नाही, उपास नाही. शेजारी कुणाच्या अंगात आलं की पप्पा म्हणायचे, "आधी डॉक्टरकडे न्या." त्यात मी मेकॅनिकल इंजिनिअर, गिअरबॉक्स टेस्टिंगवाली. काही मोडलं तर ते का मोडलं हे शोधायचाच मला पगार मिळतो. आणि तरीही...

गोष्ट २००६ च्या हिवाळ्यातली. मी आणि माझा नवरा मिलिंद हायडेलबर्गला राहायचो. माझी धाकटी बहीण सुजाता, म्हणजे सुजू, लग्न होऊन लुडविग्सहाफेनला आली होती. तिचा नवरा प्रशांत केमिस्ट. गोड बोलणारा, मोठ्यांच्या पाया पडणारा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! दोन वर्षं तो तिला मारत होता आणि आम्हाला पत्ता नाही. फोनवर ही आपली "सगळं छान आहे ताई" करायची.

एका गुरुवारी ती आमच्या दारात उभी. अंगात गाऊन, त्यावर जॅकेट, त्या थंडीत पायात स्लिपर. ओठ फाटलेला, कान सुजून वांग्यासारखा झालेला. मला इतका संताप आला की मी तिलाच ओरडले, "मुकी आहेस का गं तू? एक ठेवून द्यायची नाही का त्याला?" ती म्हणाली, "माझा हात उठत नाही, ताई." खरंच होतं ते. लहानपणी झुरळ दिसलं तरी सुजू चप्पल माझ्या हातात द्यायची.

तिचा पासपोर्ट प्रशांतने लपवला होता. व्हिसाचं स्टिकर त्यातच. पासपोर्टशिवाय तिला ना भारतात परत जाता येत होतं, ना इथे व्हिसाच्या ऑफिसात उभं राहता येत होतं. 'परत आली नाहीस तर पासपोर्ट जाळून टाकीन' असा त्याचा मेसेज आला होता. पोलिसांचं नाव काढलं की सुजू माझ्या हातातून फोन काढून घ्यायची. मग मीच ठरवलं, शनिवारी दुपारी तो बॅडमिंटनला गेला की जायचं आणि पासपोर्ट घेऊन यायचं. किल्ली सुजूकडे होतीच.

मी निघाले तेव्हा सुजू दारापर्यंत आली. म्हणाली, "ताई, ज्वारीचं पीठ आहे का गं? हाताला काहीतरी काम पाहिजे, नाहीतर वेड लागेल."

"वरच्या कपाटात. आईने पाठवलेलं. अजून फोडलंही नाही पाकीट," मी म्हटलं.

पासपोर्ट त्याच्या बुटांच्या खोक्यात सापडला. जॅकेटच्या आतल्या खिशात घातला, चेन लावली आणि स्टेशन गाठलं. एस-बान, म्हणजे इथली लोकल, आली, मी चढले. दार बंद होता होता आणखी कोणीतरी आत उडी मारली. ट्रॅकसूट, पाठीला रॅकेट... प्रशांत! शेजाऱ्याने सांगितलं असणार.

डबा जवळजवळ रिकामा. माझ्यासमोर खरेदीची पिशवी घेतलेल्या एक जर्मन आजीबाई, आणि लांब कानात हेडफोन घातलेला एक स्टुडंट. प्रशांत माझ्या शेजारी बसला. हसून म्हणाला, "ताई, पासपोर्ट द्या."

"प्रशांतराव, पुढच्या स्टेशनला उतरा आणि घरी जा."

"द्या म्हणतोय ना."

"नाही देत. काय करणार आहात?"

गाडी ऱ्हाईनच्या पुलावर आली आणि थांबली. मानहाइमचा प्लॅटफॉर्म रिकामा नसला की ती तिथे थांबतेच. खाली नदी, आणि पळायला जागा नाही. प्रशांतने माझे केस मुठीत धरले आणि डोकं खिडकीवर आदळलं. एकदा. दुसऱ्यांदा. तोंडात रक्ताची चव आली. मी त्याच्या हाताला कडकडून चावले, तर त्याने कोपर माझ्या बरगडीत असं हाणलं की श्वासच अडकला. आजीबाई ओरडायला लागल्या. प्रशांतचा हात माझ्या गळ्यावर, दुसरा जॅकेटच्या चेनवर. म्हणतो कसा, "तिला जाळीन आधी, मग पासपोर्ट." हे सगळं हळू आवाजात. आईशप्पथ सांगते, मला वाटलं आता मी मेले आणि माझ्यामागोमाग सुजू.

आणि तेव्हा तो आवाज आला.

थप.

प्रशांतची मान एका बाजूला गेली. त्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

थप थप थप. मग जरासं थांबून पुन्हा थप थप. एका लयीत. प्रत्येक आवाजाला त्याचं डोकं हलत होतं, डावीकडे, उजवीकडे. माझा गळा सुटला. तो उभा राहून हवेत गुद्दे मारायला लागला, जर्मनमध्ये शिव्या, मराठीत शिव्या. एक जोराचा बसला आणि त्याचं नाक काडकन मोडलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. रक्ताची चिळकांडी समोरच्या सीटवर उडाली. तो पॅसेजमध्ये पडला, तरी मार थांबेना. शेवटी लहान पोरासारखा हात जोडून रडायला लागला, "बस कर... बस कर ना..."

खरं सांगू? मला भीती नाही वाटली. बरं वाटलं. हाण आणखी, असं वाटलं.

मानहाइमला पोलीस चढले. साहजिकच त्यांनी आधी माझे हात तपासले. हातावर साधा ओरखडा नाही. आजीबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "त्याला कोणी हात लावला नाही हो! त्याने या बाईला मारलं, त्याला कोणीच मारलं नाही." मग त्या वाकल्या, त्याच्या गालाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हे काय? पीठ आहे का?"

त्याच्या गालावर पंजा उमटला होता. पाचही बोटं, स्पष्ट. लाल नव्हता, पांढरा होता. पोलिसाने नुसतं बघितलं, खांदे उडवले आणि प्रशांतला उचलून नेलं. माझा जबाब वगैरे होऊन मी पुढच्या गाडीने हायडेलबर्गला आले. माझा मोबाईल झटापटीत फुटला होता, त्यामुळे घरी काहीच कळवलं नव्हतं.

मिलिंदने दार उघडलं, माझा चेहरा बघून हबकला. "अगं, काय झालं तुला? आणि इकडे सुजूला काय झालंय? मघाशी भाकऱ्या थापत होती, तर ओटा हादरत होता. मी म्हटलं, काढू दे राग. शेवटची भाकरी थापता थापता एकदम थांबली, 'झालं' म्हणाली आणि बसली."

थापत होती... तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, तो आवाज कसला होता ते. जन्मभर ऐकलेला आवाज, पण ट्रेनमध्ये ओळखता आला नाही.

सुजू स्वयंपाकघरात गार पाण्याच्या भांड्यात हात बुडवून बसली होती. तळहात सुजलेला, बोटांची पेरं फुटलेली. परातीतल्या भाकरीवर रक्ताचे डाग. तिने माझ्याकडे वर पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "ताई, नाक मोडलं ना गं त्याचं?"

मी पासपोर्ट तिच्यासमोर ठेवला आणि तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले.

मिलिंद फिजिक्सवाला. त्याचं म्हणणं, योगायोग. प्रशांतला झटका आला असेल, पीठ माझ्याच कपड्यांना लागलं असेल. अरे, पण मी निघाले तेव्हा पाकीट फोडलंसुद्धा नव्हतं! आणि नाकाचं काय? यावर तो विषय बदलतो. सुजूला विचारलं तर तिला आठवतं ते एवढंच, की परातीत पीठ नव्हतं, त्याचं तोंड होतं. मी अजूनही भूतबित मानत नाही. का झालं, कसं झालं, काही सांगता येत नाही.

सुजू आता नाशिकला असते, शाळेत शिकवते, मजेत आहे. मागच्या दिवाळीत गेले होते तिच्याकडे. पिठलं होतं, ठेचा होता, आणि बरोबर पोळ्या. मी म्हटलं, "अगं, पिठल्याबरोबर पोळ्या कसल्या? भाकरी कर की."

"भाकरी नाही करत मी आता," ती लाटणं फिरवत म्हणाली. "उगाच कुणाला तरी लागायचं."