आईला पटेपर्यंत शब्द माझा नाही

एखादा इंग्रजी शब्द आईला मराठीतून पटवून देता आला नाही, तर तो मला आला असं मी मानत नाही. हा नियम मी केला तेव्हा सगळे मला नेमकं उलट करायला सांगत होते.

मी कानडी मुलखातल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहे. आम्ही टाकीत वीज सोडून बोल्टवर जस्ताचा थर चढवतो; तो नीट बसला की नाही, हे तपासणं माझं काम. परदेशी ग्राहकाची तक्रार आली की कारण मी शोधायचे आणि अहवाल दुसऱ्यानं लिहायचा, कारण माझी शाळा निपाणीकडची, मराठी माध्यमाची. अहवाल लिहिणारे सहकारी नोकरी सोडून गेले, तेव्हा मी ती जागा मागितली. व्यवस्थापकांनी अट घातली : इंदिरानगरातल्या इंग्रजीच्या वर्गाला दर शनिवारी जायचं, आणि तिथल्या शिक्षिकेनं शिफारस केली तरच जागा.

शिक्षिकेची पद्धत सोपी होती. फळ्यावर एक साधा शब्द, त्याखाली त्याचे भारदस्त पर्याय, आणि घरी जाऊन पाठांतर. मातृभाषा चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायची, असं त्या हसत सांगत. एकदा 'थिन' या शब्दाखाली 'स्लेंडर', 'स्पार्स', 'मीगर' अशी रांग लागली. माझ्या शेजारी बसणाऱ्यानं थर पातळ पडल्याचं सांगताना तो 'स्लेंडर' असल्याचं लिहिलं आणि शाबासकी मिळवली. नृत्यांगनेचा बांधा बोल्टला चढला होता.

मी हात वर केला. "मॅडम, हे शब्द एकमेकांच्या जागी चालणार नाहीत. अणू तेच असले तरी जोडणी बदलली की पदार्थ बदलतो. इथंही तसंच आहे."

"फार विचार करतेस तू," त्या म्हणाल्या, "आणि तोही मराठीत. तो थांबव, इंग्रजी आपोआप येईल."

वर्ग हसला. मी थांबवला नाही. उलट त्या दिवसापासून प्रत्येक शब्द स्वयंपाकघरात नेऊ लागले.

आई अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत असे. मी समोर बसून तिला अर्थ सांगे, आणि ती शंका काढे.

"रिलक्टंट म्हणजे मनात नसताना करणारा."

"जबरदस्तीनं?"

"नाही. कुणी बळजबरी केलेली नसते. तो स्वतःच करतो, पण मन मागं ओढतं."

"मग तुझी मावशी नणंदेकडं जाती तसं की गं! साडी तीच काढती, रिक्षा तीच बोलावती, आणि तोंड बघावं तर एरंडेल प्यायल्यासारखं."

'इंटरमिटंट'चा अर्थ मी आधी 'मधूनमधून होणारं' असा सांगितला. तो तिनं उडवून लावला. "पाहुणेबी मधूनमधून येतात. त्यांनाबी हेच म्हणायचं?" मला वाक्य पुन्हा बांधावं लागलं : चालू असलेलं मधेच थांबतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा थांबतं. "म्हणजे आपली पाण्याची मोटार," ती म्हणाली, आणि वर कानडीतलं 'बरं' जोडलं : "सरी, आता कळलं." शब्दकोशातल्या व्याख्येनं मला अर्थाची जी कड दाखवली नव्हती, ती या उलटतपासणीनं दाखवली. पाठांतरानं शब्द ओळखीचे होतात. असं घासल्यावर ते वापरता येतात.

वर्ग संपला. शिक्षिकेनं कळवलं की मी अजून मातृभाषेवर अवलंबून आहे, शिफारस करता येत नाही. त्याच आठवड्यात काही बोल्ट गंजल्याची तक्रार आली. मी टाकीपाशी उभी राहून वीजप्रवाह मोजला. तो पडायचा, सावरायचा, पुन्हा पडायचा. पडलेला असताना निघालेल्या बोल्टांवर थर पातळ बसत होता. अहवाल लिहायला कुणी नव्हतं, म्हणून मी लिहिला आणि बिघाड 'इंटरमिटंट' असल्याचं नोंदवलं.

व्यवस्थापकांनी तो शब्द खोडून वर 'मायनर' लिहिलं. "ग्राहक घाबरतो. स्वल्प अॅडजस्ट करा, अम्मा."

"सर, मायनर म्हणजे किरकोळ. बिघाड थांबून थांबून होतो, हे मी मोजलंय. तो किरकोळ आहे, हे कुणीच मोजलेलं नाही."

"शब्दावरून एवढं भांडण? तुमची तर शिफारसही आलेली नाही."

"मग शिफारस असलेल्याकडून लिहून घ्या. फक्त सही त्याची घ्या. 'मायनर'खाली माझी मिळणार नाही."

ही जागा मला किती हवी होती, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी 'मायनर' खोडून माझा शब्द परत लिहिला आणि सही केली.

ग्राहकाकडून कौतुक आलं नाही, प्रश्न आले : प्रवाह केव्हा केव्हा पडला, त्या वेळचे बोल्ट कोणत्या खोक्यांत गेले? 'मायनर' वाचून हे कुणी विचारलं नसतं. उत्तरं माझ्याकडे होती; मी ती लिहून पाठवली, आणि नेमकी तेवढीच खोकी परत आली.

पुढची तक्रार व्यवस्थापकांनी स्वतःच माझ्या टेबलावर ठेवली. जाता जाता म्हणाले, "शनिवारचा वर्ग मात्र पुन्हा सुरू करा."

"नाही सर," मी म्हणाले. "शिफारसही मागणार नाही. मराठीतून आलेलं माझं इंग्रजी कच्चं वाटत असेल, तर या अहवालातलं एक वाक्य चुकीचं काढून दाखवा."

मी तक्रारीचं पाकीट फोडलं.