अभिप्रायाखालचं नाव

आमच्या वाचनालयात पहिल्यापासून एक नियम आहे. पुस्तक परत करताना सभासदाने वहीत दोन ओळींचा अभिप्राय लिहायचा आणि खाली नाव न घालता फक्त सभासद क्रमांक आणि तारीख घालायची. दुसरा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण तो जास्त कडक पाळला जातो. सभासद वारला की क्रमांक घरातच राहतो. मुलगा घेतो, सून घेते, बायको घेते. माझा स्वतःचा क्रमांक सासऱ्यांचा आहे. हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि तरीही मी जे केलं ते केलं.

मी गोव्यातल्या पेडण्याची. बँकेतून निवृत्त झाले आणि समितीने वाचनालयाची वेबसाइट माझ्या गळ्यात मारली. ती ज्या प्रणालीवर चालायची ती जुनी झाली होती. एक पान उघडेपर्यंत इकडे चहा उकळून व्हायचा. कधीकाळी एका सभासदाने वह्यांतले सगळे अभिप्राय बसून टाइप केले होते, प्रत्येकाखाली सभासदांच्या यादीत पाहून ज्याचं त्याचं नाव घालून. ते सगळं नव्या प्रणालीत न्यायचं होतं. मला रेंगाळलेली कामं खपत नाहीत. कुणी "सावकाश होऊ दे" म्हणालं की माझं डोकंच फिरतं.

काम चालू असताना नव्या प्रणालीने विचारलं, एकाच क्रमांकावर दोन दोन नावं दिसतात, यादीतलं आताचं नाव ठेवून एक करू का? मला वाटलं, टाइप करणाऱ्याचा गोंधळ. मी एकदम सगळ्यांसाठी "हो" दाबलं. मग बॅकअप घेतला, जुनी साइट पुसून टाकली आणि काम झाल्याचं ग्रुपवर कळवलं. अंगठ्यांची रांग लागली.

त्या एका "हो"ने आमचे वारलेले सगळे सभासद साइटवरून गेले. त्यांचे शब्द राहिले, पण ते मुलांच्या, सुनांच्या नावाखाली. सासऱ्यांनी एका शेतीच्या पुस्तकाची काढलेली खरडपट्टी माझ्या नावावर आली, आणि ती वाचायचीही तसदी मी घेतली नव्हती.

हे कळलं ते आमच्याच तालुक्यातल्या चोपड्याच्या काकींमुळे. त्यांचे यजमान फेरीबोटीवर नोकरीला होते, आमचे जुने सभासद. ते गेल्यावर क्रमांक काकींकडे आला. शेजारणीने त्यांना मोबाइलवरचं ते पान वाचून दाखवलं, तशा त्या बस धरून वाचनालयात आल्या.

"गो बाय, थंय माजां नांव कित्याक घातलंस? तां सगळां तेंचां," त्या म्हणाल्या. "तेंचो फोटोय एकच आसा. दुसरां कायच रवूंक नाय. तां तरी तेंच्या नांवार दवर."

यजमानांचं नाव परत घालायला मी बॅकअप उघडला. तो मी नावं एक केल्यानंतर घेतलेला होता. इतकी वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि त्या दिवशी काकींच्या तोंडाकडे मला बघवेना.

वह्या मात्र कपाटात होत्या. त्यात तारीख होती. म्हणजे माणूस कधी गेला ते कळलं, की त्याआधीचं त्याचं आणि नंतरचं घरच्याचं, एवढं वेगळं करता येणार होतं. मी हळर्णला, केरीला, डिचोलीला फोन लावत बसले. मेलेल्या माणसाची तारीख विचारणं सोपं नसतं. लोक तारीख सांगतच नाहीत. काजूचा हंगाम संपताना, नरकासुराच्या आदल्या दिवशी, असं सांगतात आणि मग बराच वेळ बोलत राहतात. मी, जिला कुणाचं लांबलेलं बोलणं सोसत नाही, ते सगळं ऐकून घेतलं.

काकींनी गणेशचवथीआधीचा सोमवार सांगितला, वर्षासकट. वही पाहिली तर त्या क्रमांकाचे अभिप्राय पुढे दोन वर्षं चालूच, आणि काकी तर सगळं यजमानांचं म्हणाल्या होत्या. मी वैतागून परत फोन केला. त्यांनी तोच सोमवार सांगितला. मग मी अक्षर नीट पाहिलं. सोमवारापर्यंतचं तिरकं होतं, पुढचं गोल. क्रमांक काकींच्या नावावर झाला तो दोन वर्षांनी, यादी नवी केली तेव्हा, आणि त्यानंतर त्या क्रमांकावर एकही पुस्तक गेलं नव्हतं.

खरं सांगायचं तर गोल अक्षरातले अभिप्राय जास्त चांगले होते. यजमान लिहायचे, "पुस्तक बरे आहे. शेवट लांबला." गोल अक्षराने एका प्रवासवर्णनावर लिहिलं होतं, "हा माणूस एवढा फिरला, पण घरी कोण वाट पाहत होते ते लिहिले नाही." आणि एका ठिकाणी, नदीवरच्या पुस्तकावर, "यांना हे आवडले असते."

मी वही घेऊन चोपड्याला गेले. काकी आदोळीवर, आमच्याकडच्या विळीवर, तिसऱ्यांचे शिंपले उघडत बसल्या होत्या. मी वही पुढे धरली, तेव्हा त्यांनी हात पुसले.

"तेंचो नंबर बंद पडलो असतो गो," त्या म्हणाल्या. "म्हणान हांव पुस्तकां हाडी. तेंनी लिवलां असतां तशां लिवी. मागीर दोळे गेले, वाचूंक दिसना."

गोल अक्षर काकींचं होतं. मी म्हटलं, "काकी, हे तुमचं आहे. तुमच्याच नावाखाली राहू दे." चुकून का होईना, नव्या साइटने त्यांचे शब्द त्यांना दिले होते. त्या मान हलवत राहिल्या. मी वाद घातला, आवाजही चढवला. त्या ऐकेनात, आणि मला फार वाईट वाटलं.

मग त्यांच्या सांगण्यावरून मी सगळे अभिप्राय एकेक वाचून दाखवले. नदीच्या पुस्तकापाशी त्यांनी मला थांबवलं आणि ती ओळ परत वाचायला लावली.

"हें तेंचां कशां जातलां?" त्या म्हणाल्या. "हें माजां. हें माज्या नांवार घाल."

दुसऱ्या दिवशी मी तसं केलं. त्या क्रमांकावर आता दोन नावं आहेत. यजमानांच्या नावाखाली पानभर मजकूर आहे आणि काकींच्या नावाखाली एक ओळ. फोन करून मी ती त्यांना वाचून दाखवली.

"वयर तेंचां नांव आसा मगो?" त्यांनी विचारलं.

"आहे, काकी," मी म्हटलं. "तुमच्या बरोबर वर."